रिकाम्या खोक्याचे मोल



घरपोच खरेदीची प्रथा आता तालुक्याच्या गावीही रुजली आहे. वस्तू घरात येते आणि खोके उकिरड्यावर जाते. वस्तुतः पन्हळी पुठ्ठ्यातील तंतूंपासून सुमारे ५ ते ७ वेळा पुन्हा कागद तयार होऊ शकतो. मात्र हे मोल कोरडेपणावर अवलंबून असते. खरकट्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारात भाव येत नाही, आणि तो तोटा कचरावेचक भगिनींच्या रोजीतून वजा होतो. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या श्रमाला प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तर ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले.

प्रथम पुनर्वापर, मग भंगार, हा क्रम पाळला जावा. नावपत्त्याची चिठ्ठी फाडून धड खोकी शाळांनी ग्रंथपेटीसाठी व भूमितीच्या घनाकृतींसाठी वापरावीत. फुग्यांचे प्लॅस्टिक काचसामान बांधण्यास ठेवावे. ते कदापि जाळू नये. उरलेली खोकी चिकटपट्टी काढून, सपाट करून ग्रामपंचायतीने कोरड्या जागी साठवावीत. भिजलेला साधा पुठ्ठा बारीक फाडून खतखड्ड्यात टाकल्यास तो जादा ओल शोषून घेतो.

यासाठी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. खोके कोरडे राहिले, तर एखाद्या कष्टकरी घराची चूल पेटते, याची जाणीव पुरेशी आहे.