अर्ध्यावर बंद पडणारा स्कॅनर

सोलापुरी चादर विणणाऱ्या जॅकार्ड मागाच्या माथ्यावर छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. कोणता धागा उचलावा आणि कोणता खालीं ठेवावा, हें तीं छिद्रें मागाला सांगतात. नवी नक्षी हवी असल्यास जुनी माळ उतरवून नवी चढवावी लागते. हें काम अर्ध्यावर टाकून कारागीर उठून गेला, तर माग शाबूत, सूत शाबूत. चादर मात्र विणली जात नाहीं.

अनेक लहरींवर आळीपाळीनें कान देणाऱ्या स्कॅनर नांवाच्या रेडिओची गत याहून वेगळी नाहीं. त्याच्या स्मृतींत आज्ञांची अशीच एक माळ सांठविलेली असते. निर्माता ती वेळोवेळीं सुधारतो, आणि ग्राहकानें ती संगणकावरून यूएसबी तारेनें यंत्रांत उतरवून घ्यावयाची असते. परंतु स्मृतीचा जो भाग नव्यानें लिहावयाचा, तो आधीं पुसावा लागतो. पुसणें आणि लिहिणें यांच्या मधल्या काळांत वीज तुटली, तर यंत्राजवळ ना जुनी आज्ञा उरते, ना पुरती नवी. पडदा काळा होतो, आणि घरधनी संगणकाला दोष देऊन मोकळा होतो.

हा आरोप पुष्कळदां भलत्याच आरोपीवर असतो. दोष आज्ञावलींत नसून विजेच्या वाटेवर असूं शकतो. साधें यूएसबी २.० द्वार पांच व्होल्ट दाबानें ५०० मिलिअँपिअर, तर ३.० द्वार ९०० मिलिअँपिअर प्रवाह देण्यास बांधलेलें असतें. समजा, तार लांब व बारीक असून जाण्यायेण्याच्या वाटेचा मिळून रोध एक ओहम आहे. अर्धा अँपिअर प्रवाह वाहूं लागतांच अर्धा व्होल्ट तारेंतच खर्ची पडतो. यंत्राच्या तोंडाशीं साडेचारच पोंचतात. सारे नळ एकदम उघडले म्हणजे गल्लीच्या शेवटच्या घरीं धार बारीक व्हावी, तसाच हा प्रकार.

शिवाय कांहीं यंत्रें संगणकाशीं माहितीची देवघेव करतांना आपल्या बॅटरीवरच चालतात. तार जोडली आहे म्हणून वीज मिळतेच असें नाहीं. जुना झालेला घट नुसता मोजला असतां ठीक दिसतो, पण भार पडतांच ढांसळतो.

म्हणून शोध क्रमानें घ्यावा. प्रथम बॅटरी पूर्ण भरावी. मग आंखूड व जाड तार लावावी. नंतर एका द्वाराचीं चार द्वारें करणारा जोड काढून यंत्र थेट संगणकाला जोडावें. शेवटीं संगणकाची वीज वांचविण्याची व्यवस्था आणि त्याचें आपोआप पुन्हां सुरू होणें, हीं दोन्हीं तेवढ्यापुरतीं थांबवावीं. एका वेळीं एकच बदल करावा. चारही एकदम केले, तर खरा चोर कधींच सांपडत नाहीं. प्रत्येक बदलानंतर यंत्रांतील माहिती संगणकावर नुसती वाचून पाहावी. वाचतांना कांहीं पुसलें जात नाहीं; तेथें यंत्र डगमगलें, तर लिहिण्याचें धाडस करूं नये.

पडदा काळा झालाच, तरी हताश होण्याचें कारण नाहीं. अनेक यंत्रांत प्रारंभ करून देणारी एक लहानशी आज्ञावली निराळ्या जागीं राखलेली असते. माहितीपुस्तकांत सांगितलेली कळ दाबून यंत्र सुरू केल्यास लेखन पुन्हां करतां येतें.

वेळही पाहावी. चैत्र-वैशाखांत सोलापुरांत दुपारीं ऊन तापतें आणि सायंकाळीं वळीव गडगडतो. तेव्हां पाठीशीं बॅटरी नसलेल्या संगणकावर हें काम काढूं नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे सोलापूरच्या ईशान्येस किल्लारीचा परिसर भूकंपानें उद्ध्वस्त झाला, तेव्हां हौशी रेडिओचालकांनीं संदेशवहनास हातभार लावला. अशी पहांट पूर्वसूचना देऊन येत नाहीं, आणि त्या दिवशीं मेजावर मुका पडलेला रेडिओ कोणाच्याच कामीं येत नाहीं. तेव्हां दुरुस्ती शांत दिवशींच उरकावी, आणि जुनी माळ उतरविण्यापूर्वीं नवी पुरती चढविण्याइतकी वीज हातीं आहे, याची खात्री करून घ्यावी.