ही डिस्क कोरी नाही



एका संगणकावर भरलेली हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकास जोडली असता पडद्यावर कधी कधी एक सूचना उमटते. ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करणे आवश्यक आहे, करावयाची काय? प्रश्न मोठ्या सौजन्याने विचारलेला असतो. परंतु घाईघाईने ‘होय’ म्हणणारा मनुष्य अनेक वर्षांचा संग्रह क्षणार्धात गमावून बसण्याचा संभव असतो. म्हणून या प्रश्नाचा खरा अर्थ काय, हे आज पाहू.

डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या असंख्य लहान खणांचे कपाट होय. कोणती फाइल कोणकोणत्या खणांत ठेवली आहे, हे सांगणारी सूचीही त्याच कपाटात असते. ही सूची लिहिण्याची पद्धत मात्र प्रत्येक घराण्याची निराळी. विंडोजची एनटीएफएस पद्धत १९९३ साली आली. ॲपलने १९९८ मध्ये एचएफएस प्लस आणि २०१७ मध्ये एपीएफएस आणली. लिनक्समध्ये बहुधा ईएक्सटी-४ आढळते. आतील छायाचित्र दोन्हीकडे छायाचित्रच असते. अडते ते सूचीपाशी.

१६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीच होते, पण ते रोमन अक्षरांत छापलेले. केवळ देवनागरी जाणणाऱ्याच्या हाती ते दिले असते, तर त्यास एक ओवीही लागली नसती. तरीही, पाने पुसून मी यावर काही नवे लिहू काय, असे त्याने खचितच विचारले नसते. विंडोज मात्र तसे विचारते. कधी तर परकी डिस्क ते यादीत दाखवीतही नाही. मॅक त्यामानाने बरा. ही डिस्क मला वाचता आली नाही, एवढे तो कबूल करतो. पण ‘इनिशियलाइज’ हे घातक बटण त्याच्याही चौकटीत असतेच.

माझ्या परिचयाच्या एका शाळेत असाच प्रसंग आला. परदेशी असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेची जुनी हस्तलिखिते आणि वर्गांची छायाचित्रे सुटीत स्कॅन करून नेली होती. पुढे मूळ कागदांना वाळवी लागली. त्याने पाठविलेली डिस्क विंडोजवर उघडेना, तेव्हा दुरुस्तीच्या दुकानातील मनुष्य म्हणाला, “डिस्क बिघडली आहे, फॉरमॅट करून देतो.” शाळेच्या वृद्ध लेखनिकाला संगणकाचे ज्ञान बेताचेच, पण “मुलाने पाठविलेली वस्तू त्याला विचारल्यावाचून पुसायची नाही,” असे म्हणून त्यांनी ती परत आणली. विचारता कळले की, ती मॅकवर तयार केलेली होती. गावातील एका छायाचित्रकाराकडे मॅक होता. तेथे प्रत्येक पान जसेच्या तसे उघडले.

सरळ उपाय हाच. डिस्क कोणत्या जातीच्या संगणकावर तयार झाली हे विचारावे, तसा संगणक मिळवावा आणि तेथून फाइली उतरवून घ्याव्यात. दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर असतील तर फाइली तशाही पाठविता येतात. तेव्हा प्रत्येक संगणक आपली डिस्क आपणच वाचतो, पद्धतीचा प्रश्न उरत नाही. मॅक विंडोजची एनटीएफएस डिस्क वाचतो, परंतु तिच्यावर स्वतःहून लिहीत नाही. उलट, एपीएफएस वाचण्यासाठी विंडोजवर वेगळा प्रोग्राम बसवावा लागतो. लिनक्स एनटीएफएसवर वाचतो व लिहितोही. मात्र विंडोज पूर्ण बंद न करता अर्धवट निद्रेत ठेवले असेल, तर तो लिहिण्यास नकार देतो, आणि तो योग्यच आहे.

आणि ‘होय’ म्हटले गेलेच असेल तर? झटपट फॉरमॅटमध्ये सूची नवी लिहिली जाते. खणांतील मजकूर बहुधा तसाच राहतो. अशा वेळी डिस्कवर एक अक्षरही न लिहिता ती तज्ज्ञाकडे न्यावी. एसएसडी असेल तर आशा थोडी, कारण तेथे रिकामे ठरलेले खण लगेच पुसले जाऊ शकतात.

देवाणघेवाणीची डिस्क आरंभीच एक्सफॅट पद्धतीने तयार करावी. जुन्या फॅट-३२ मध्ये ४ जीबीची एक फाइलही मावत नाही. स्नेहसंमेलनाचे चलच्चित्र तेथेच अडते. एक्सफॅट २००६ सालची. २०१९ मध्ये तिचा आराखडा खुला झाला व लिनक्सनेही ती स्वीकारली. मॅकवरून तिच्यावर नक्कल केली की ठिपक्याने आरंभ होणाऱ्या नावांच्या चिमुकल्या फाइली विंडोजवर दिसू लागतात. त्यांस भिण्याचे कारण नाही. मात्र ‘इजेक्ट’ केल्याविना डिस्क उपटू नये, कारण अर्धवट राहिलेले लेखन सावरण्याची सोय या पद्धतीत नाही.

त्या शाळेत आता दोन प्रती आहेत. एक एक्सफॅटवर कचेरीत, दुसरी मुख्याध्यापकांच्या घरी. मूळ डिस्कही जपून ठेवली असून तिच्यावर लेखनिकांनी ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी चिकटविली आहे: “मॅकची आहे. विंडोजने विचारल्यास ‘नाही’ म्हणावे.”