राणीने कारण सांगितलंच नाही

नाशिकहून बोलतोय. आज एकच गाणं घेऊन बसलोय, आणि ते ब्रेकअपचं आहे.

तुमच्या प्लेलिस्टमध्ये हळू गिटारवाली, रात्री एकट्याने ऐकायची गाणी असतील. माझ्याही आहेत. आपल्या आजी-आजोबांचं सॉफ्ट रॉक म्हणजे भावगीत. त्यातलं मला सगळ्यात जास्त लागणारं गाणं म्हणजे ‘भातुकलीच्या खेळामधली’. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दाते यांचा. दाते इंजिनिअर होते बरं का, टेक्स्टाइलचे! कापड उद्योगातली नोकरी सांभाळून गायचे.

गोष्ट साधी आहे. एक राजा, एक राणी. राजा खुशीत आहे. त्याला वाटतं, आपल्याला आता न बोललेलंही समजतं, हिच्या हातावरच्या रेषांत आपलंच नशीब आहे. आणि नेमकं तेव्हाच राणीचे डोळे भरून येतात. न बोललेलं समजणाऱ्या या माणसाला तेवढं एक पाणी समजत नाही! मग राणी लांबच्या एका ताऱ्याकडे बघत सांगते, की उद्या आपली वाट वेगळी, गाव वेगळं. तिला आधीच माहीत असतं. त्याला उशिरा कळतं. तो विचारतो, जोडायचंच कशाला मग? यावर तिच्याकडे उत्तर नाही.

इथे मी दर वेळी थांबतो. अख्ख्या गाण्यात कुणी फसवलेलं नाही. घरच्यांचा विरोध नाही, तिसरं माणूस नाही. कारणच दिलेलं नाही.

आमच्या कामात सर्व्हर पडला की आरसीए लिहावा लागतो. रूट कॉज काय, कुठल्या मिनिटाला काय झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, सगळं. दोन वर्षांपूर्वी माझं चार वर्षांचं नातं संपलं, तेव्हा मी तेच करत होतो. जुने चॅट लॉगसारखे वाचायचो. गंगापूर रोडवर बाइक बाजूला घेऊन एका मेसेजची वेळ तपासलीय मी. तिला विचारलं, “का?” ती म्हणाली, “खरंच सांगता येत नाहीये रे.” मला वाटलं, लपवतेय.

मग हे गाणं नीट ऐकलं. राणीही काही लपवत नाहीये. तिच्याकडेच उत्तर नाहीये आणि तीही तितकीच रडवेली झालीय. माझा राग पहिल्यांदा उतरला तो तिथे.

‘भातुकली’ हा शब्दच बघा. लहानपणी अंगणात खेळ रंगात आलेला असायचा, चुरमुऱ्यांचा भात वाढून झालेला असायचा आणि कुणाच्या तरी आईची हाक यायची. डाव मोडायचा. चूक कुणाचीच नसायची. पण म्हणून तो खेळ खोटा होता असं कुणी म्हणेल का? तेवढा वेळ आपण खरंच राजा-राणी होतो.

आता हेडफोन लावून दोन गोष्टी ऐका. पहिली, यमक. कहाणी, पाणी, वाणी, विराणी. प्रत्येक कडवं शेवटी ‘राणी’शी जुळतं. राजा कितीही पुढे गेला तरी फिरून तिच्यापाशीच येतो. विसरायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. दुसरी, दात्यांचा आवाज. ते रडत नाहीत, ओरडत नाहीत. शेजारी बसून सांगावं तसं गातात. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तकच लिहिलंय. शब्द पुढे आणि सूर त्याला धरून म्हणजे काय, ते या गाण्यात कळतं.

पाडगावकर 2015 मध्ये गेले. दाते आणि देव दोघंही 2018 मध्ये, एकाच वर्षी. गाणं मात्र कुणाचा तरी डाव मोडला की अजून कामाला येतं.

तुमच्यापैकी कुणी सध्या रात्री दोन वाजता जुने चॅट चाळत असेल, तर एवढंच सांगेन. काही आरसीएमध्ये ‘कारण’ हा रकाना रिकामा ठेवून तिकीट बंद करावं लागतं. जमतं ते. वेळ लागतो, पण जमतं.

गाणं ऐका आणि कुठलं कडवं लागलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!