संस्कृतचा तास आणि ८१ सामने
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं, "तू इंजिनीअर आहेस, काहीतरी कॉम्प्युटरवर बोल." गेली वीस वर्षं मी दुसरं काही बोललेलेच नाही, तेव्हा आज सुट्टी. आज मी एका संस्कृतच्या प्राध्यापकांबद्दल बोलणार आहे आणि शेवटी माझी एक जुनी चूक कबूल करणार आहे. ज्यांच्यासमोर ती कबूल करायची, ते सर पहिल्याच रांगेत बसलेत.

माझ्या कामात आमची निम्मी टीम मेलबर्नला असते. तिथल्या लोकांना त्यांच्या फुटबॉलचं भारी वेड. चेंडू अंडाकृती, तो हातानं धरायचा आणि पायानंही मारायचा. एका सहकाऱ्यानं मला त्या खेळातल्या रॉय पार्कची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ पेशानं डॉक्टर. शंभर वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळायचे, क्रिकेटही उत्तम. १९२०-२१ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटीत त्यांची निवड झाली आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. पुन्हा कधी कसोटीत बोलावणं आलं नाही. असं सांगतात की त्यांची बायको प्रेक्षकांत विणत बसली होती. खाली पडलेलं विणकाम उचलायला ती वाकली आणि तेवढ्यात नवऱ्याची कसोटीतली सगळी फलंदाजी आटोपली!

आम्ही खूप हसलो. मग मी म्हटलं, आमच्याकडे असे एक जण होते, त्यांना तो एक चेंडूसुद्धा मिळाला नाही. त्यांचं नाव प्रा. दिनकर बळवंत देवधर.

देवधर ट्रॉफी तुम्ही ऐकली असेल. ती ज्यांच्या नावानं १९७३ मध्ये सुरू झाली, ते हे देवधर. १४ जानेवारी १८९२ चा जन्म, पुण्याचे. तेव्हा क्रिकेटवर घर चालत नसे. चाललंच तर एखाद्या संस्थानिकाच्या पदरी राहून. देवधरांनी पुण्यात कॉलेजमध्ये संस्कृत शिकवलं आणि शिकवता शिकवता ते खेळले. १९११ च्या सुमारास मोठ्या सामन्यांत उतरले, ते पन्नाशी उलटून गेल्यावरही खेळत होते. एवढ्या काळात प्रथम श्रेणीचे सामने किती? ८१. आपल्या गणिताच्या सरांसमोर हिशेब करते : वर्षाला सव्वादोन. बाकीचे सगळे दिवस खडू, फळा आणि विद्यार्थी.

१९२६ मध्ये आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ आला. मुंबईत त्यांच्याविरुद्ध देवधरांनी भारतीय संघाकडून १४८ धावा केल्या. भारताला कसोटी खेळता येईल हा विश्वास त्या दौऱ्यानं दिला. पण पहिली कसोटी झाली जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तोवर देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. संघात त्यांचं नाव नव्हतं.

आपण सिरोंच्याची माणसं. उशीर म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. नदीवर पूल नव्हता तेव्हा आपण नावेनं पलीकडे जायचो आणि पावसाळ्यात आलापल्लीकडून येणारी एसटी कधी येईल ते देवालाच ठाऊक असायचं. आपल्याकडे गोष्टी उशिरा येतात. काही येतच नाहीत. म्हणून चाळिसाव्या वर्षी दार बंद झालेल्या माणसानं पुढे काय केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्यांनी सोमवारी नेहमीसारखा तास घेतला असेल, असं मी आपली कल्पना करते. पुढचं मात्र नोंदलेलं आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी ट्रॉफी जिंकली. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या आणि मद्रासविरुद्धच्या अंतिम सामन्यात १९६. तेव्हा वय अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. म्हणजे आज या हॉलमध्ये गुडघे धरून बसलेल्या आपल्या बॅचपेक्षाही थोडं जास्तच! १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतकं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. १०१ वर्षं जगून १९९३ मध्ये ते गेले.

आणखी एक. त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन बॅडमिंटन खेळायच्या. १९४० च्या दशकात तिघींनीही राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. म्हणजे त्या घरात 'खेळ की अभ्यास' हा प्रश्न मुलींनाही कुणी घातला नसावा. हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद करून बसले.

कारण तो प्रश्न मी स्वतःच स्वतःला घातला होता. मी खोखोत बरी होते, हे माझ्या साखळीतल्या मैत्रिणी सांगतील. दहावीला तालुक्याच्या स्पर्धेसाठी सर मला न्यायला घरी आले. मी दारातच म्हटलं, "सर, माझी दहावी आहे." सर काही बोलले नाहीत. सायकल वळवली आणि गेले. घरून कुणाची मनाई नव्हती. आईनं तर चहा टाकला होता. एका वेळी एकच काहीतरी करता येतं, असं माझं मीच ठरवलं होतं. त्या वर्षी आपल्या संघात मोजक्याच मुली होत्या. एकीला ताप आला आणि संघ उतरलाच नाही. माझे मार्क वाढले का? नाही. संध्याकाळी पाच ते सहा मी पुस्तक उघडून मैदानाकडे बघत बसायची.

आणि मला बोलवायला आलेले सर स्वतः काय करत होते? दिवसा गणित, संध्याकाळी खोखो. दोन्ही मनापासून. पुण्याच्या प्राध्यापकांचं उदाहरण शोधायची गरजच नव्हती. ते माझ्या दारात सायकल घेऊन उभं होतं. सर, तेव्हा म्हणायचं राहिलं, आज म्हणते : माझं चुकलं.

आज नोकरी सांभाळून कुणी देशाकडून खेळेल, असं मी म्हणत नाही. ते दिवस गेले. पण देशाकडून खेळणं वेगळं आणि संध्याकाळी एक तास मैदानावर असणं वेगळं. नोकरीनं देवधरांचं पोट भरलं, म्हणून मोठी टोपी मिळाली नाही तरी त्यांचा खेळ थांबला नाही. दोन गोष्टी एकमेकींना सांभाळतात, एवढंच मला त्यांच्याकडून कळलं.

म्हणून आपल्या बॅचला एक विनंती. शाळेला आपण भेट देणारच आहोत. त्यात घड्याळ आणि कपाट असू द्या, पण खोखोचे दोन नवे खांब आणि मुलींच्या स्पर्धेच्या प्रवासखर्चासाठी थोडी रक्कमही असू द्या. माझा वाटा मी आजच देते. दहावीतली एखादी मुलगी "माझी दहावी आहे" म्हणाली, तर तिच्याशी बोलायला मला फोन करा.

आणि उद्या सकाळी सात वाजता मी मैदानावर येणार आहे. सर, शिट्टी घेऊन याल ना?