साखळीच्या करवतीची पारख



आज मी तुम्हांला एका यंत्राविषयी चार गोष्टी सांगणार आहे. या यंत्राला कोणी चेनसॉ म्हणतात, कोणी नुसते कटर म्हणतात. आपण त्याला साखळीची करवत म्हणू. झाडांचे बुडखे काढण्यासाठी आपल्या गटाने ही करवत घ्यावी, असे चालले आहे. पैसा गटाचा आहे, म्हणजे सगळ्यांचा आहे. पण करवत चालवताना ज्याचे हातपाय पणाला लागतील, तो माणूस एकच असेल. म्हणून घेण्याआधी नीट पारख करू या.

ही गरज का पडली, हे तुम्ही जाणताच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. नारळ, सुपारी, आंबा, फणस, सगळे काही तासांत आडवे झाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले. पडलेली खोडे लोकांनी तोडली, विकली, चुलीत घातली. पण बुडखे कित्येक वाड्यांत तसेच राहिले. बुडख्याने नव्या कलमाची जागा अडते. त्याहून वाईट गोष्ट निराळीच आहे. नारळाच्या कुजक्या खोडात आणि बुडख्यात गेंडा भुंगा अंडी घालतो. त्याची अळी तिथेच पोसते. मग मोठा झालेला भुंगा उडतो आणि शेजारच्या उभ्या माडाचा कोंब पोखरतो. मेलेले झाड असे जिवंत झाडाच्या मुळावर येते. आणि वादळ काही एकदाच येऊन थांबत नाही.

भुंग्याची गोष्ट निघाली, तर एक गंमत सांगतो. या करवतीचे दाते माणसाला एका अळीनेच शिकवले! अमेरिकेत ऑरेगन नावाचे जंगलाचे राज्य आहे. तिथे जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. तेव्हाही साखळीच्या करवती होत्या, पण दाते लवकर बोथट होत. कानस मारता मारता माणूस थकून जाई. १९४६ साली कॉक्सला एका बुडख्यात लाकूड खाणारी अळी दिसली. ती डावीकडे आणि उजवीकडे तोंड फिरवून सरसर लाकूड पोखरत होती. कॉक्सने तिचा जबडा नीट न्याहाळला आणि तशाच वळणाचे दाते घडवले. एक दाता डावा, एक उजवा. १९४७ साली तो ही साखळी विकू लागला. आजच्या करवतीला बहुतेक त्याच जातीचे दाते असतात. डोळे उघडे असले की अळीसुद्धा गुरू होते.

आता कामाचे बोलू.

पहिला प्रश्न. करवत विकत घ्यायचीच का? एक हिशेब मांडा. समजा, चांगली करवत ६० हजारांना आली. समजा, करवतीसह माणूस दिवसाला अडीच हजार रुपये घेतो. म्हणजे ६० हजारांत २४ दिवसांचे काम बाहेरून होते. तुमच्या वाडीत चारच बुडखे असतील, तर भाड्याने आणा आणि मोकळे व्हा. पंधरा-वीस घरांचे काम असेल, दर साल पडझड होत असेल, तर गटाने घ्यावी. पण पेट्रोल, तेल, साखळी आणि चालवणाऱ्याची मजुरी हिशेबात धरायला विसरू नका.

दुसरा प्रश्न. किती मोठी घ्यायची? दुकानात जाण्याआधी एक दोरी घ्या. जिथे कापायचे, तिथे बुडख्याभोवती गुंडाळा. दोरीची लांबी मोजा आणि तिला तीनने भागा. आली जाडी! घेर ७२ इंच भरला, तर जाडी सुमारे २४ इंच. खरे तर किंचित कमीच. आता तुम्ही म्हणाल, “गुरुजी, मग पट्टीही २४ इंचांची हवी.” तसे नाही. बुडखा दोन्ही बाजूंनी कापता येतो. पट्टीच्या दुपटीपेक्षा जाडी कमी असली, की भागते. २० इंचांच्या पट्टीने २४ काय, ३४ इंचांचा बुडखाही दोन बाजूंनी कापता येईल. लांब पट्टी वजनाला जड, तिला इंजिन मोठे लागते, आणि तिचे टोक सांभाळणे कठीण. उगाच लांब पट्टी घेऊ नका.

तिसरा प्रश्न. इंजिन कसे ओळखायचे? इथे तुमचे वाचन कामाला येईल. यंत्राच्या अंगावर पाटी असते आणि सोबत माहितीची पुस्तिका असते. त्यात ‘सीसी’ हा शब्द शोधा. ३५ ते ४५ सीसीची करवत फांद्या आणि जळण कापायला ठीक. ५० ते ६० सीसीची शेतीच्या मध्यम कामाला. जुन्या आंब्याफणसाचे रुंद बुडखे रोज कापायचे, तर ६० ते ७० सीसीची कसबी लोकांची करवत बरी. पण एक सांभाळा. डब्यावर ‘५८००’ असा मोठा आकडा छापलेला असेल, तर तो नमुन्याचा क्रमांक असतो, शक्तीचा नव्हे. शक्ती किलोवॅटमध्ये किंवा हॉर्सपॉवरमध्ये लिहितात. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅट. दुकानदार सांगतो ते ऐका, पण पुस्तिकेत लिहिले आहे ते माना.

घरगुती आणि कसबी करवतीत फरक कोणता? रंग दोन्हींचा झकास असतो. पण कसबी करवतीचा सांगाडा बहुधा मॅग्नेशियम धातूचा असतो. तो हलका असतो आणि तापला तरी टिकतो. घरगुती करवतीत पुष्कळसा भाग प्लॅस्टिकचा. कसबी करवतीत साखळीवर पडणारे तेल कमीजास्त करायचा स्क्रू असतो. बुडख्याचे लाकूड सुके, चिवट. तिथे तेल जास्त सोडावे लागते. म्हणून हा स्क्रू आहे का, हे विचाराच.

चौथा प्रश्न. साखळी कोणती? दात्याचा कोपरा टोकदार असलेली साखळी स्वच्छ लाकडात झरझर चालते, पण मातीचा कण लागला की लगेच बोथट होते. कोपरा किंचित गोल असलेली साखळी जरा हळू कापते, पण धूळमातीत धार जास्त वेळ टिकवते. बुडख्याला माती असायचीच. तेव्हा गोल कोपऱ्याची साखळी मागा. एक जादा साखळी आणि तिच्या मापाची गोल कानस बरोबरच घ्या.

पाचवा प्रश्न सगळ्यांत मोठा. जीव सांभाळणारी सोय आहे का? पुढच्या मुठीसमोर एक ढाल असते. तोच साखळीचा ब्रेक. दुकानात इंजिन बंद असतानाच ढाल पुढे ढकला. खट्‌ आवाज झाला पाहिजे आणि साखळी जागची हलता कामा नये. ढाल मागे ओढली, की साखळी मोकळी. मागच्या मुठीला दोन खटके हवेत. दोन्ही दाबल्याशिवाय वेग वाढता कामा नये. साखळी तुटली तर ती अडवणारा आकडा खाली हवा. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर हवे. नाहीतर वर्षानुवर्षांच्या हादऱ्याने बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. यातले एकही नसेल, तर करवत फुकट मिळाली तरी आणू नका.

साखळीचा ब्रेक इतका महत्त्वाचा का? पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चालू असताना कशाला टेकला, तर करवत उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. डोळ्याचे पाते लवायच्या आत येते. बुडख्याच्या कामात तर टोकासमोर मूळ नाहीतर दगड हमखास असतो. म्हणून टोकाने कापू नका. दोन्ही हातांनी धरा, अंगठा मुठीखालून घट्ट वळवा आणि पट्टीच्या रेषेत उभे न राहता थोडे डावीकडे उभे राहा.

कापायच्या आधी कुदळीने बुडख्याभोवतालची माती दूर करा. साल तासा, ब्रशने घासा. तार, खिळा आहे का, ते हाताने चाचपा. कुंपणाच्या झाडात तार खोल गेलेली असते. जमिनीतली मुळे करवतीने कापू नका. ते काम कुऱ्हाडीचे, पहारीचे, नाहीतर जेसीबीचे. भुशाकडे लक्ष ठेवा. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, की थांबा आणि कानस मारा. जोर लावून रेटू नका.

वादळात मुळासकट उलथलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. मुळांचा गड्डा उभा असतो आणि त्याच्या मागे मोठा खड्डा असतो. खोडाच्या वजनाने तो गड्डा तोलून धरलेला असतो. खोड कापले, वजन गेले, की गड्डा धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात पोरे खेळतात. माणूस सावलीला बसतो. एका क्षणात होत्याचे नव्हते होईल! म्हणून करवत चालू करण्याआधी खड्ड्यात स्वतः जाऊन पाहू नका. दूर उभे राहून हाका मारा आणि मोकळा आहे याची खात्री करा. गड्ड्याला दोर किंवा टेकू लावा आणि असले काम अनुभवी माणसालाच द्या.

तेलाचेही सांगतो. या इंजिनात नुसते पेट्रोल चालत नाही. चांगल्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण बहुतेक ५० भागांना १ असते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, ५ लिटरला १०० मिलिलिटर. पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर तेच खरे. तेल घालायला विसरलात, तर इंजिन जाम होऊन सगळा पैसा मातीत जाईल. साखळीच्या तेलाची टाकी निराळी असते. तिच्यात गाडीचे जळके तेल ओतू नका. पंप तुंबतो आणि ते तेल अंगालाही बाधते. इंजिन गार झाल्यावरच पेट्रोल भरा. बिडी दूर ठेवा. भरल्या जागेपासून दहा फूट लांब जाऊन सुरू करा.

चालवणाऱ्याने डोक्याला टोप, डोळ्यांना चष्मा, कानांना झाकण, पायांत जाड बूट घालावे. धोतर, लुंगी, मफलर नको. बायामाणसे आणि मुले निदान वीस पावले दूर. आणि एकट्याने काम करू नये. हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस हवाच.

बुडख्याच्या निमित्ताने उभ्या झाडाला हात लावू नका. आंबा, फणस, चिंच, साग, खैर, ऐन यांसारखी झाडे स्वतःच्या मालकीची असली, तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी घेऊनच तोडावी लागतात. शंका असेल तर वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा.

दुकानात जाल तेव्हा दोघे-तिघे जा. गटातले एक माणूस तरी वाचणारे असू द्या. पाटी वाचा, पुस्तिका वाचा, पावती वाचून घ्या. सुटे भाग तालुक्याला मिळतात का, दुरुस्ती कोण करतो, हे तिथेच विचारा. तुम्ही कष्टाने अक्षरे शिकलात. ती अक्षरे आता तुमचे पैसे राखतील आणि तुमची बोटेही राखतील.

एवढे सांगून मी थांबतो. कोणाला काही विचारायचे असेल, तर खुशाल विचारा.