मोटारीचीं ज्ञानेंद्रियें

वैशाखांतील भर दुपारीं मुंबईहून नाशिककडे निघालेली मोटार कसाऱ्याचा घाट चढूं लागते, आणि निम्मा घाट होतो न होतो तोंच इंजिन एकाएकीं बंद पडतें. पेट्रोल आहे, बॅटरी ठणठणीत आहे, पाणीहि पुरेसें आहे. मंडळी सावली शोधतात, मागें मालमोटारींची रांग लागते, आणि अर्ध्या तासानें कोणीं सहज किल्ली फिरवावी तों इंजिन जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत सुरू होतें! वडीलधारीं माणसें याला घाटाचा प्रताप म्हणोत. जाणत्या कारागिराचा संशय मात्र बोटभर लांबीच्या एका वस्तूवर जातो.

इंजिनाच्या मुख्य फिरत्या दंडावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, एक दातेरी चक्र असतें. कित्येक मोटारींत त्यावर ६० दात्यांची जागा असून त्यांतील २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. दाता समोरून गेला कीं संवेदकांत, कारागिरांच्या भाषेंत सेन्सरमध्यें, विजेचा सूक्ष्म स्पंद उठतो. गाळलेल्या जागेवरून पिस्टन कोठें आहे हें मोटारींतील गणकयंत्राला कळतें. ही वार्ता थांबली कीं ठिणगी केव्हां पाडावी व इंधन केव्हां सोडावें हें त्याला उमगत नाहीं, आणि बहुतेक गाड्यांत दोन्ही बंद होतात. या संवेदकांतील वेटोळ्याची तार केंसासारखी बारीक असते. वर्षानुवर्षें तापून व निवून तिला चीर पडते. तापल्यावर टोकें दुरावतात, निवल्यावर पुन्हां टेकतात. म्हणूनच सावलींतली विश्रांति गुणकारी ठरते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीं कारखान्यांत दोष सांपडत नाहीं.

सगळे संवेदक असे उघडपणें मरत नाहींत. कांहीं खोटी साक्ष देऊं लागतात, व तें अधिक महागांत पडतें. पाण्याची उष्णता सांगणारा संवेदक पुष्कळ गाड्यांत २० अंश सेल्सिअसला सुमारें २,५०० ओहम विरोध दाखवितो आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास उतरतो. जोडावर गंज चढून विरोध वाढला कीं इंजिन अजून थंडच आहे अशी गणकयंत्राची समजूत होते, व तें इंधन जास्त सोडीत राहतें.

धुराच्या नळींतील प्राणवायूचा संवेदक याहून नाजूक. १९७६ सालापासून तो मोटारींत बसूं लागला. त्यांतील झिर्कोनिया हा चिनी मातीसारखा भाजलेला पदार्थ सुमारें ३०० अंश तापल्यावांचून नीट बोलत नाहीं. हवा व पेट्रोल यांचें १४.७ ला १ हें वजनी प्रमाण याच्याच साक्षीवर राखलें जातें. इंजिन तेल जाळूं लागलें कीं तेलांतील फॉस्फरसाचा थर त्यावर बसतो. मग नवा संवेदकहि लवकरच तसाच निकामी होतो, कारण रोग इंजिनांत असतो.

पावसाळ्याची कथा निराळी. इगतपुरीस वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरांत त्याच्या चौथाईच्या आसपास. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत ताक कळकतें हें गृहिणींना सांगावयास नको; ओल शिरली कीं जोडांतील तांब्यावरहि तसाच हिरवा थर चढतो. प्राणवायूच्या संवेदकाचा आवाज ०.१ ते ०.९ व्होल्ट एवढाच. त्यांत खंड पडावयास तेवढें पुरतें. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा हा तर पार्किंगमधील नित्याचाच प्रकार.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत मोटारीहि बनतात आणि डिझेल इंजिनांचे इंजेक्टरहि. तेव्हां नाशिककरांना हा विषय अगदींच परका नाहीं. तरीहि एक चूक सर्रास होते. समोरचा पिवळा दिवा लागतो, तपासणीच्या यंत्रांत 'मिश्रण पातळ' असा संकेत उमटतो, आणि प्राणवायूचा संवेदक बदलला जातो. हजारों रुपये जातात, आठवड्यानें दिवा पुन्हां लागतो. खरें पाहतां हवेची रबरी नळी चिरलेली असते व तेथून न मोजलेली हवा आंत शिरत असते. संवेदक खरेंच सांगत होता! १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आल्यावर असे साक्षीदार वाढले आहेत. म्हणून सुटा भाग बदलण्यापूर्वीं जोड उघडून पाहिला काय, तारांचा विरोध मोजला काय, हें मालकानें अवश्य विचारावें.

घाटांतल्या त्या गाडीची परीक्षा सोपी आहे. संवेदक काढून त्याला ओहममापक जोडतात आणि केंस वाळविण्याच्या यंत्रानें हळूहळू तापवितात. वेटोळें तुटकें असेल तर ठराविक उष्णतेला आंकडा एकाएकीं नाहींसा होतो, आणि निवल्यावर परत येतो.