डार्क स्काईज: घरभर कॅमेरे, पण बघायचं कुणाकडे?

आजचा पिक्चर 'डार्क स्काईज', २०१३ सालचा, दिग्दर्शक स्कॉट स्टुअर्ट. शेवटही सांगणार आहे, त्यामुळे आधी पिक्चर बघायचा असेल तर इथेच पॉज करा.

अमेरिकेतलं एक शांत उपनगर. एकसारखी घरं, पुढे लॉन, शेजाऱ्यांबरोबर बार्बेक्यू. डॅनियल बॅरेट आर्किटेक्ट, पण नोकरी गेलेली. बायको लेसी लोकांना घरं विकते आणि इकडे स्वतःच्याच घराचे हप्ते थकलेत. २००८ च्या मंदीत तिथे लाखो लोकांची घरं गेली होती, ती जखम पिक्चरमध्ये ओली आहे. म्हणजे एलियन यायच्या आधीच या घरात भीती राहायला आलीय. नवरा-बायको भांडतात आणि मुलांसमोर सगळं ठीक असल्याचं दाखवतात.

मग एकेक विचित्र प्रकार सुरू होतात. रात्रीतून किचनमधल्या वस्तू कुणीतरी एकावर एक रचून ठेवतं. फ्रेममधले फॅमिली फोटो गायब होतात. पक्ष्यांचे थवे घरावर येऊन आपटतात. धाकट्या सॅमीच्या अंगावर खुणा दिसतात, आणि लोकांना संशय येतो तो आई-बापावरच! मला सगळ्यात जास्त भीती इथे वाटली. खरं सांगितलं तर वेडे ठरणार, गप्प बसलं तर गुन्हेगार.

डॅनियल काय करतो? घरभर कॅमेरे लावतो. अगदी आमच्या इंजिनिअर लोकांसारखं! सिस्टीम बिघडली की आम्ही आधी मॉनिटरिंग वाढवतो. पण लॉग फक्त काय झालं ते सांगतो, होणारं थांबवत नाही. इथेही तेच. नेमक्या वेळी फुटेज खराब होतं. एकेक फ्रेम थांबवून बघितल्यावर बिछान्यांशेजारी उभ्या आकृत्या दिसतात, पण तोवर रात्र उलटून गेलेली असते.

पुढे पोलार्ड नावाचा जाणकार भेटतो. जे. के. सिमन्सने हा रोल काय थंडपणे केलाय! तो म्हणतो, ज्याच्याशी त्यांचा सगळ्यात आधी संपर्क होतो, त्यालाच बहुतेक वेळा नेतात. आई-बाप धरून चालतात की तो सॅमी. मग कुत्रा आणतात, खिडक्यांना फळ्या ठोकतात, बंदूक घेतात.

आणि ते नेतात मोठ्या जेसीला.

नंतर लेसीला जेसीची लहानपणची चित्रं सापडतात. तो आजारी असायचा, तेव्हा काढलेली. त्यात तेच आकार! खूण वर्षानुवर्षं घरातच पडून होती. पण जेसी आता टीनएजर, चिडका, बाहेर भटकणारा. त्याचं वागणं सगळ्यांनी 'वयाचा दोष' म्हणून सोडून दिलं होतं.

या घरात एकच लाईन नीट चालू असते, दोघा भावांची वॉकी-टॉकी. रात्री ते त्यावर गप्पा मारतात. आणि शेवटी जेसीचा आवाज येतो तो त्याच वॉकी-टॉकीवर. तिथे अंगावर काटा येतो.

पिक्चर थोडा संथ आहे, एलियनही फारसे दिसत नाहीत. पण एक गोष्ट डोक्यात राहते: जो रडतो त्याच्याकडे सगळं घर धावतं, आणि जो दार लावून बसतो त्याला कुणी विचारत नाही. तुमच्या घरात असा एखादा जेसी असेल तर आज त्याचं दार वाजवा.

तुम्हाला शेवट कसा वाटला, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. लाईट चालू ठेवून झोपलात तरी चालेल!